पेंडंट कोणाच्या हाती द्यायचे?

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत किंवा कोल्हापूर शहरातले उद्यमनगर, कुठल्याही शेडमध्ये गेलात तरी ओव्हरहेड क्रेनला केबिन क्वचितच दिसते. गर्डरवरून एक केबल खाली आलेली असते, तिच्या टोकाला बटनांचे पेंडंट, आणि ते छातीच्या उंचीवर लटकत असते. ज्याचे काम अडले तो ते हातात घेतो. सकाळी साचे करणारा मोल्डर, दुपारी ओतीव भाग (कास्टिंग) घासून साफ करणारा फेटलिंगवाला, रात्री भट्टीवरचा हेल्पर. क्रेन ऑपरेटर म्हणून नेमलेला माणूस हजेरीपटावर शोधायला गेलात तर लहान फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, बहुधा सापडत नाही, आणि तरीही क्रेन दिवसभर चालते.

क्रेनच्या प्रशिक्षणाची चर्चा या वस्तुस्थितीला बगल देऊन होते. कुठेतरी अपघात होतो, ग्राहक कंपनीचे ऑडिट जवळ येते, मग बाहेरून कुणीतरी येऊन कॅन्टीनमध्ये दोन तास पडद्यावर चित्रे दाखवतो, सह्या घेतल्या जातात, फोटो निघतो आणि फायलीत प्रमाणपत्रे लागतात. त्या दोन तासांत ज्याने पेंडंटला हातही लावला नाही, तो दुसऱ्या दिवशी वितळलेल्या लोखंडाचे भांडे, म्हणजे लॅडल, घेऊन शेडभर फिरतो. हे प्रशिक्षण नव्हे. कोल्हापूरच्या उद्योगाने स्वतःहून, सगळ्या वसाहतींना मिळून, एकच क्रेन-कार्ड सुरू करावे. प्रत्यक्ष क्रेनवर परीक्षा घेऊनच ते द्यावे, आणि कार्ड नसलेल्याच्या हातात पेंडंट जाणारच नाही अशी किल्लीची सोय प्रत्येक क्रेनवर असावी, असे आमचे म्हणणे आहे. हे मालकाच्या हिताचे कसे, कामगाराच्या हिताचे कसे आणि त्यात काय शिकवायचे, ते सविस्तर मांडतो.

आधी कायदा. कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 29 नुसार क्रेन, साखळ्या, दोर आणि उचलण्याची सगळी साधने सक्षम व्यक्तीकडून 12 महिन्यांतून किमान एकदा पूर्ण तपासून घ्यावी लागतात. सुरक्षित भार त्यांच्यावर स्पष्ट लिहावा लागतो आणि त्यापलीकडे भार घालता येत नाही. गॅन्ट्रीच्या (क्रेन ज्यावर धावते त्या) रुळाजवळ कुणी काम करत असेल तर क्रेन त्याच्यापासून 6 मीटरच्या आत येणार नाही अशी व्यवस्था करणेही बंधनकारक आहे. 1987 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 111-अ ने कामगाराला सुरक्षेचे प्रशिक्षण मिळण्याचा हक्क दिला. आता हा सगळा कायदा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला आहे. म्हणजे यंत्राची तपासणी दरवर्षी होते, तिचा कागद असतो, आणि तो कागद औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी मागूही शकतात. माणसाचे काय? ट्रक चालवायला आरटीओचे लायसन्स लागते. शेडमधली पेंडंटची क्रेन चालवायला तसा सर्वत्र चालणारा सरकारी परवाना आपल्याकडे नाही. राष्ट्रीय कौशल्य चौकटीत ईओटी (विजेवर चालणाऱ्या ओव्हरहेड) क्रेन ऑपरेटरचा अभ्यासक्रम आहे, पण तो सक्तीचा नाही. क्रेन पास, माणूस विनापरीक्षा, अशी ही स्थिती आहे.

प्रशिक्षणात पहिली गोष्ट शिकवावी ती वजन. बटने कुणालाही पाच मिनिटांत येतात. हुकाला किती भार लागला आहे हे मात्र शेडमधल्या दहांपैकी आठ जण अंदाजाने सांगतात, आणि तो अंदाज नेहमी कमीच निघतो. समजा क्रेन 3 टनांची आहे आणि लॅडल 2 टनांचे. पोरांच्या डोक्यात हिशोब असा बसतो की अजून एक टन शिल्लक आहे. पण 2 टन हे फक्त लोखंडाचे वजन झाले. लॅडलचे पत्र्याचे कवच, आतले अस्तर, वरची बेल (उचलायची कमान), तिरपे करायचा गिअरबॉक्स, हे सगळे मिळून 1 टनाच्या आसपास गेले तर क्रेनला काठोकाठ भार लागला. त्यात भट्टीवाल्याने खुणेच्या वर थोडे जास्त ओतले. आतला व्यास 70 सेंटिमीटर असेल तर 5 सेंटिमीटर जादा भरल्याने सुमारे 130 किलो वाढतात. अस्तर झिजले की आतली जागा मोठी होते, म्हणजे त्याच खुणेपर्यंत भरलेले लॅडल महिन्याभराने जास्त वजनाचे असते. हे कुठल्याही पुस्तकी परीक्षेत विचारले जात नाही. उपाय साधा आहे. रिकामे, अस्तर केलेले लॅडल वजनकाट्यावर एकदा घ्यावे आणि तो आकडा व भरल्यावरचा आकडा, दोन्ही त्याच्या अंगावर पांढऱ्या रंगाने ठळक लिहावेत. शिकाऊ माणसाने पहिल्याच दिवशी हे आपल्या हाताने करावे.

मोल्डिंग बॉक्सचेही (साच्याच्या पेटीचेही) तसेच. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच बॉक्समध्ये पाऊण घनमीटर वाळू बसते. दाबलेल्या वाळूचा घनमीटर साधारण दीड टन धरला तरी नुसती वाळू 1 टन 100 किलोच्या पुढे जाते. बॉक्सचे लोखंड वेगळे, आतले कास्टिंग वेगळे. बिडाचे कास्टिंग असेल तर मीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची गुणून 7.2 ने गुणले की टनांत वजन येते. एक मीटर बाय अर्धा मीटर बाय 20 सेंटिमीटरचा भरीव ठोकळा 720 किलो भरतो. चौथी पास माणसालाही मोबाइलवर हा हिशोब जमतो, फक्त कुणीतरी एकदा समोर बसून करून घ्यायला हवा.

मग साखळीचा कोन. खरी गल्लत इथे होते, कारण वजन तेच राहते आणि साखळीवरचा ताण बदलतो. 2 टनांचा भार दोन पायांच्या साखळीने उचलायचा आहे. दोन्ही पाय सरळ उभे असतील तर प्रत्येकावर 1000 किलो. जमिनीशी 60 अंशांचा कोन झाला तर प्रत्येक पायावर 1155 किलो. 45 अंशांवर 1414. आणि साखळी अपुरी पडली म्हणून ताणून लावली, कोन 30 अंशांवर आला, तर प्रत्येक पायावर 2000 किलो, म्हणजे एकेका पायावर पूर्ण भार. शेडमध्ये कोनमापक घेऊन कोणी फिरत नाही, म्हणून साखळी बांधणाऱ्या खलाशाला एक खूण शिकवावी: साखळीच्या एका पायाची लांबी ही दोन हूक अडकवलेल्या ठिकाणांमधल्या अंतराएवढी असेल तर कोन 60 अंशांचा. पाय त्याहून आखूड असेल तर साखळी बदला, लांब घ्या. एवढे पाठ झाले तरी निम्म्या तुटलेल्या साखळ्यांचे कारण कळते.

साधनांची निवडही त्याच दिवशी शिकवावी. पॉलिएस्टरचे पट्टे हलके, वापरायला सोपे, म्हणून मशीन शॉपमधून ते फौंड्रीत येतात. रंगाने त्यांची क्षमता ओळखता येते: जांभळा 1 टन, हिरवा 2, पिवळा 3, करडा 4, लाल 5. पण पॉलिएस्टर 100 अंश सेल्सिअसच्या पुढे वापरायचा नसतो. नॉक-आउटमधून, म्हणजे साचा फोडून, नुकत्याच निघालेल्या कास्टिंगला तो पट्टा बांधणे म्हणजे तो वितळवणे, आणि वरून लालसर दिसत नसलेले कास्टिंगही कित्येकदा दोन-तीनशे अंशांवर असते. तिथे साखळी हवी, तीही ग्रेड 80 ची, टॅग असलेली. कडीची जाडी 10 टक्के झिजली की साखळी रद्द. वायर रोपच्या स्लिंगमध्ये एका पिळाच्या लांबीत 10 तारा तुटलेल्या दिसल्या, किंवा एकाच पेडात 5, की ती रद्द. रद्द म्हणजे कापून भंगारात. कोपऱ्यात ठेवलेली साखळी रात्रपाळीत हमखास परत हुकावर येते.

आता यंत्राकडे वळू. शिफ्ट सुरू होताना क्रेन रिकामी असताना पाच मिनिटे द्यायची असतात. हूक हळूहळू, थांबत थांबत वर न्यायचा आणि वरचा लिमिट स्विच मोटर तोडतो की नाही ते पाहायचे. रोज लिमिटपर्यंत नेऊनच हूक थांबवायची सवय असेल तर ती मोडायची, कारण लिमिट हा शेवटचा आधार आहे, थांबवायचे बटन नाही. हूक सर्वांत खाली असताना ड्रमवर दोराचे किमान दोन पूर्ण वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. हुकाची पट्टी स्वतःहून बंद होते का, तोंड उघडल्यासारखे दिसते का, खालचा भाग 10 टक्के झिजला आहे का, हे हाताने आणि डोळ्यांनी पाहायचे. शेवटी लाल बटन दाबून सगळे बंद होते का ते बघायचे.

यातली एक गोष्ट कोल्हापूरच्या प्रत्येक वसाहतीत केव्हा ना केव्हा घडते, म्हणून ती सविस्तर सांगणे भाग आहे. महावितरणने ट्रान्सफॉर्मरचे काम केले, किंवा कारखान्याच्याच वायरमनने केबल बदलली, आणि विजेच्या तीनपैकी दोन फेज अदलाबदल होऊन जोडल्या गेल्या. तेव्हा सगळ्या मोटरी उलट्या फिरतात. वरचे बटन दाबले की हूक खाली येतो, खालचे दाबले की वर जातो. शिफ्ट तर चालू झाली आहे, मग माणूस पटकन जुळवून घेतो: "आज उलटं आहे, खालचं दाबा म्हणजे वर जातंय." काम सुरू होते. बहुतेक लहान होइस्टमध्ये (हूक वर-खाली करणाऱ्या यंत्रात) वरचा लिमिट स्विच हा वरच्या बटनाच्या सर्किटमध्ये जोडलेला असतो. आता हूक वर जातो आहे तो खालच्या बटनाने. लिमिट स्विच हलला तरी ज्या सर्किटला तो तोडतो ते मुळात वापरातच नाही. हूक ब्लॉक ड्रमला जाऊन भिडतो, मोटर ओढत राहते, दोर तुटतो आणि भार खाली येतो. हे सगळे दोन-तीन सेकंदांत होते.

त्यावरचा प्रचलित इलाज तर आणखी धोक्याचा. वायरमन पेंडंट उघडून दोन बटनांच्या तारा बदलतो आणि म्हणतो झाले. बटने बरोबर झाली, पण लिमिट अजून उलटेच राहिले, आणि आता तर ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. दुरुस्ती नेहमी मुख्य पुरवठ्याच्या फेजमध्येच करायची आणि त्यानंतर लिमिट पुन्हा रिकाम्या हुकाने तपासायचे. फेज क्रम ओळखणारा रिले बसवला तर उलटा क्रम आल्यास क्रेन चालूच होत नाही. तो बसवण्याचा खर्च एका तुटलेल्या दोराच्या तुलनेत किरकोळ आहे. पण ऑपरेटरला शिकवायचा धडा एकाच वाक्याचा आहे: बटन उलटे चालले की जुळवून घ्यायचे नाही, क्रेन बंद करून किल्ली काढायची.

दुसरा असाच प्रसंग कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा पुरवठा जोडणारा-तोडणारा स्विच, चिकटण्याचा. टुकटुक बटन दाबत भार जागेवर बसवायची सवय सगळीकडे आहे. त्याने कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळतात आणि एक दिवस चिकटतात. बटन सोडले तरी हूक जातच राहतो. नवखा माणूस घाबरून उलटे बटन दाबतो, पण त्याने काही थांबत नाही. लाल बटन दाबायचे, तेही चालले नाही तर मेन आयसोलेटर (क्रेनचा मुख्य पुरवठा तोडणारा स्विच) ओढायचा. आयसोलेटर जमिनीवरून हाताला येईल अशा ठिकाणी हवा आणि त्याच्यासमोर पेट्या रचलेल्या नकोत. शिडी लावून आयसोलेटर बंद करावा लागत असेल, तर त्या शेडमध्ये कितीही चांगला ऑपरेटर काही करू शकत नाही. म्हणून परीक्षेत प्रश्न विचारून भागत नाही. परीक्षकाने अचानक "हूक थांबत नाहीये" म्हणायचे आणि माणूस किती सेकंदांत आयसोलेटरला पोहोचतो ते बघायचे.

वितळलेल्या लोखंडाचे लॅडल हे कार्डावरचे वेगळे शिक्कामोर्तब असले पाहिजे. जो मशीन शॉपमध्ये शाफ्ट उचलतो तो लगेच 1450 अंशांचे लॅडल उचलायला योग्य होत नाही. 18 एप्रिल 2007 रोजी चीनच्या लिआओनिंग प्रांतातल्या चिंगहे स्पेशल स्टीलमध्ये 30 टन पोलादाचे लॅडल क्रेनवरून सुटले. शेजारच्या खोलीत शिफ्ट बदलीसाठी जमलेल्यांसह 32 कामगार मेले. लॅडलसाठी योग्य नसलेली क्रेन तिथे वापरात होती. आपल्या वसाहतीतली लॅडल लहान असतात हे खरे, पण लॅडलच्या वाटेशेजारी माणसे बसण्याची आणि जेवण्याची जागा असणे ही चूक आकाराने लहान होत नाही.

लॅडल उचलताना आधी जमिनीपासून 10-15 सेंटिमीटर उचलून थांबायचे, ब्रेक धरतो का ते पाहायचे, हूक सरकला तर लगेच खाली ठेवायचे. लॅडलच्या दोन्ही बाजूंचे खुंट, म्हणजे ट्रनियन, बेलच्या हुकांत नीट बसले आहेत का ते दोन्ही बाजूंनी पाहायचे, कारण एका बाजूने बसलेले दिसले तरी दुसऱ्या बाजूला ते हुकाच्या टोकावर टेकलेले असू शकते. गिअरबॉक्सचे कुलूप लागले आहे याची खात्री करायची. वाट आधी मोकळी करायची, मगच उचलायचे. आणि पाणी. एक लिटर पाणी वाफ झाले की सोळाशे ते सतराशे पटींनी फुगते. ते लोखंडाखाली अडकले तर तोफेसारखे उडते. कोल्हापूरच्या पावसात शेडचे पत्रे गळतात, खड्ड्यात पाणी साचते, सकाळी वाळू ओली असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत लॅडलच्या वाटेवरच्या प्रत्येक पत्र्याची गळती ही क्रेनच्या सुरक्षेची बाब आहे, आणि ऑपरेटरला ती दाखवून काम थांबवायचा अधिकार हवा. नवे अस्तर केलेले किंवा ओलसर झालेले लॅडल बर्नरने पूर्ण तापवल्याशिवाय भट्टीखाली आणायचे नाही.

वीज गेली तर? स्प्रिंगचा ब्रेक आपोआप लागतो, लॅडल हवेत लटकून राहते. या वेळी शेडमध्ये आरडाओरडा होतो, लोखंड थंड होतेय, अस्तर जाईल, काहीतरी करा. काहीही करायचे नाही. बटने सोडायची, लाल बटन दाबायचे, लॅडलखालची आणि आसपासची माणसे बाजूला काढायची, दोरी बांधायची. ब्रेक हाताने सोडून लॅडल उतरवायचे असेल तर ते फिटरचे काम आहे, तेही लेखी पद्धत ठरलेली असेल तरच. वाटेवर जागोजाग कोरड्या वाळूचा खड्डा ठेवलेला असेल तर ऑपरेटरला लॅडल कुठे रिकामे करायचे याचा विचार त्या क्षणी करावा लागत नाही.

झोका कसा थांबवायचा हे शब्दांत सांगून जमत नाही, हातात यायला लागते. दोराची लांबी 4 मीटर असेल तर भाराचा एक पूर्ण झोका 4 सेकंदांचा, 6 मीटर असेल तर साधारण 5 सेकंदांचा, मग भार 100 किलोचा असो वा 5 टनांचा. भार झोक्याच्या टोकाला पोहोचत असताना ट्रॉली (गर्डरवरून हूक वाहून नेणारी गाडी) त्याच्या वर नेऊन थांबवली की झोका मरतो. नवखे लोक उलट दिशेने बटन मारतात आणि झोका वाढवतात. यासाठी सराव लागतो, आणि सरावाला पाण्याने भरलेले 200 लिटरचे बॅरल पुरते. नीट पिंजऱ्यात बसवलेले बॅरल, काठापासून 10 सेंटिमीटर खाली पाणी, जमिनीवर खडूने आखलेली नागमोडी वाट आणि शेवटी खडूचा चौकोन. पाणी न सांडता बॅरल चौकोनात ठेवता आले की कार्डाच्या परीक्षेतला हा भाग पास.

तिरपे ओढण्याबद्दल थोडक्यात: हूक भाराच्या बरोबर वर नसेल तर उचलायचे नाही. दोर ड्रमच्या खाचेतून बाहेर पडतो, रोप गाइड तुटतो. वाळूत अडकलेले कास्टिंग क्रेनने उपटण्याचा प्रकार त्याहून वाईट, कारण ते सुटेपर्यंत हुकावर किती भार आहे हे कुणालाच माहीत नसते.

हा प्रश्न फौंड्रीपुरता नाही. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत गाळप हंगामात ऊस उतरवणाऱ्या क्रेन रात्रंदिवस चालतात. ऑपरेटर बरेचदा हंगामी, खाली बैलगाडीवाले आणि ट्रॅक्टरवाले आपल्या वाहनाजवळच उभे. मोळी उचलताना वाहनाभोवतीची जागा रिकामी करणे, एकाच माणसाने इशारे देणे आणि थांबण्याचा इशारा कुणीही दिला तरी थांबणे, हे तिथेही तेच. गाळप सुरू होण्यापूर्वीचे दोन आठवडे यासाठी पुरेसे आहेत.

आता आक्षेप. मालकांचा सर्वांत खरा आक्षेप असा की, आम्ही शिकवायचे आणि माणूस महिन्याला थोडे जास्त मिळाले की शिरोलीतून गोकुळ शिरगावला जायचा. खर्च आमचा, फायदा दुसऱ्याचा. हे नाकारण्यात अर्थ नाही, माणसे जातातच. म्हणूनच कार्ड एकेका कारखान्याचे नको, सगळ्या वसाहतींचे हवे. तुमच्याकडून गेलेला माणूस जसा दुसऱ्याकडे शिकलेला जातो तसा दुसऱ्याकडून आलेलाही तुमच्याकडे शिकलेला येतो. खर्च उद्योजक संघटनांनी सदस्यांच्या क्रेनच्या संख्येप्रमाणे वाटून घ्यावा, आणि एक शेड, एक 5 टनांची क्रेन, दोन प्रशिक्षक एवढे कायमचे ठेवावे. जिल्ह्यात शासकीय आयटीआय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, जागेची आणि माणसांची अडचण नाही.

मात्र सामायिक कार्डाने प्रत्येक क्रेनची ओळख होत नाही. ज्या कारखान्यात माणूस रुजू होतो तिथल्या क्रेनवर, तिथल्या लॅडलवर, तिथल्या वाटेवर सुपरवायझरच्या नजरेखाली निदान दोन आठवडे काम केल्यावरच त्याला त्या क्रेनची किल्ली मिळावी. दर दोन वर्षांनी परीक्षा पुन्हा, डोळ्यांची तपासणी दरवर्षी. दूरचे दिसणे आणि रंग ओळखणे दोन्ही.

दुसरा आक्षेप भाषेचा. मोल्डिंग आणि फेटलिंगला बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून माणसे येतात. मराठीतले दोन तासांचे व्याख्यान त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, हे बरोबर. पण पाण्याच्या बॅरलला भाषा लागत नाही, इशाऱ्यांना तर नाहीच. तोंडी परीक्षा हिंदीत, कन्नडमध्ये घ्यावी, आणि पेंडंटवरच्या दिशा शब्दांत न लिहिता बाणांनी दाखवाव्यात. तेच बाण त्याच रंगात गर्डरवर आणि भिंतीवर रंगवावेत, म्हणजे उभे राहण्याची जागा बदलली तरी माणसाची उजवी-डावी चुकत नाही.

"आमचा माणूस वीस वर्षे क्रेन चालवतोय, त्याला कसली परीक्षा?" त्या माणसाचा अनुभव मोलाचा आहे, आणि परीक्षा तो तासाभरात सहज पास होईल. त्याला बोलवायचे ते परीक्षक म्हणून. पण एक अट: त्याने लिमिट स्विच कधी आणि कसा तपासतो हे करून दाखवावे. वीस वर्षे काही झाले नाही याचा अर्थ लिमिट चालते असा होत नाही. त्याची गरज अजून पडली नाही, एवढाच होतो.

ऑपरेटरवर सगळा भार टाकून मोकळे होणे हाही अन्यायच. ठेक्यावर, भरलेल्या मोल्डिंग बॉक्सच्या संख्येवर पैसे मिळत असतील तर कोण पाच मिनिटे लिमिट तपासत बसेल? उलटे चाललेले बटन पाहून ज्याने क्रेन थांबवली त्याच्या मजुरीतून तो वेळ कापला गेला, तर पुढच्या वेळी तो जुळवूनच घेणार. म्हणून कार्डाच्या अभ्यासक्रमात शिफ्ट इन्चार्ज, मुकादम आणि मालकाचे एक सत्र सक्तीचे हवे, आणि शिफ्टच्या सुरुवातीची तपासणी व थांबवलेल्या क्रेनचा वेळ पूर्ण मजुरीचा धरला जाईल असे लेखी हवे. ठेकेदारामार्फत आलेल्या माणसालाही तोच नियम. पेंडंट त्याच्या हातात असेल तर कागदावर तो कुणाचा कामगार आहे याला अपघाताच्या क्षणी काही अर्थ नसतो.

कार्ड उभे राहायला वेळ लागेल, पण किल्लीला लागत नाही. पेंडंटच्या कंट्रोल पुरवठ्यात किल्लीचा स्विच बसवणे हे चांगल्या वायरमनचे एका दुपारचे काम आहे. शेजारच्या खांबावर त्या क्रेनची क्षमता, लॅडलचे भरलेले वजन आणि ती चालवू शकणाऱ्या माणसांची नावे लिहायची. किल्ली शिफ्ट इन्चार्जकडे राहील आणि नाव लिहिलेल्यालाच सही घेऊन दिली जाईल. रात्रपाळीला यादीतला कुणीच आला नसेल तर त्या रात्री ओतकाम होणार नाही, हे मालकाने आधीच, सगळ्यांसमोर सांगून ठेवायचे. कारण रात्री दीड वाजता भट्टी तयार असताना हा निर्णय एकट्या इन्चार्जवर सोडला, तर पेंडंट पुन्हा त्याच हेल्परच्या हातात जाते.